फोल्डरमधून तयार होणारे संकेतस्थळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाचक येण्याआधीच ज्याची सगळी पाने एचटीएमएलमध्ये तयार असतात, ते स्टॅटिक संकेतस्थळ. वर्डप्रेससारख्या प्रणालीत मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि साधारणपणे पान मागितले गेल्यावर सर्व्हर ते जुळवून देतो. स्टॅटिक साइट जनरेटर ही जुळणी आधीच उरकून ठेवतो. मजकुराच्या फाइली असलेला फोल्डर तो वाचतो, प्रत्येक फाइल साच्यात बसवतो आणि तयार पाने दुसऱ्या फोल्डरमध्ये लिहितो. जेकिल, ह्युगो आणि इलेव्हन्टी ही या कामाची प्रचलित साधने आहेत. त्यांच्याविषयीचे काही समज तपासून घेण्यासारखे आहेत.

गैरसमज: हे तंत्र अगदी नवे आहे.
वस्तुस्थिती: सर्न या संशोधन संस्थेत सुरू झालेले आणि १९९१ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले जगातले पहिले संकेतस्थळ तयार पानांचेच होते. २००१ मध्ये आलेले मूव्हेबल टाइपही लेखांची तयार पाने बनवून ठेवत असे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये जेकिल प्रसिद्ध केले आणि गिटहब पेजेस या सेवेने त्याचा प्रसार केला. स्टीव्ह फ्रान्सिया यांचे ह्युगो २०१३ मध्ये आले.

गैरसमज: फोल्डर जसाच्या तसा सर्व्हरवर चढवला की संकेतस्थळ होते.
वस्तुस्थिती: तसे केल्यास फार तर फाइलींची यादी दिसते. जनरेटरला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे मजकूर. तो बहुधा मार्कडाउनमध्ये, म्हणजे जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साध्या लेखनपद्धतीत असतो. दुसरी म्हणजे फाइलीच्या माथ्यावर दिलेले शीर्षक, तारीख, विषय यांसारखे तपशील. तिसरी म्हणजे साचा. पानाचा माथा, मेनू आणि तळाचा भाग त्यात एकदाच लिहिलेला असतो. फोल्डरांची रचनाही अर्थपूर्ण असते. ह्युगोच्या मजकूर-फोल्डरमध्ये ‘किल्ले’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘राजगड’ ही फाइल ठेवली, तर पानाच्या पत्त्यात ‘किल्ले/राजगड’ असा क्रम येतो. ‘किल्ले’ विभागातल्या पानांची यादीही साच्यानुसार आपोआप बनते.

गैरसमज: फाइलींना कोणतेही नाव दिले तरी चालते.
वस्तुस्थिती: जेकिलमध्ये लेखाच्या फाइलीचे नाव वर्ष, महिना आणि दिवस यांनी सुरू व्हावे लागते. नावानुसार क्रम लावताना अनेक साधने अक्षरामागून अक्षर ताडून पाहतात, त्यामुळे १० हा आकडा २ च्या आधी येतो. ०१, ०२ असे आकडे दिल्यास किंवा फाइलीच्या माथ्यावर क्रमांक लिहिल्यास हा घोटाळा टळतो. विंडोजवर रोमन लिपीतल्या मोठ्या आणि लहान अक्षरांत सहसा भेद केला जात नाही, लिनक्स सर्व्हरवर मात्र केला जातो. म्हणून घरच्या संगणकावर दिसणारे चित्र सर्व्हरवर गायब होऊ शकते. देवनागरी नावे चालतात, पण पत्ता कॉपी केल्यावर तो लांबलचक होतो. ‘राजगड’ या शब्दातली काना धरून पाच चिन्हे यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात १५ बाइट घेतात आणि पत्त्यात बाइटमागे तीन याप्रमाणे त्यांची ४५ अक्षरे होतात. त्यामुळे फाइलीचे नाव रोमनमध्ये आणि शीर्षक देवनागरीत ठेवणे सोयीचे ठरते.

गैरसमज: बदल करायचा तर प्रत्येक पान हाताने सुधारावे लागते.
वस्तुस्थिती: साच्यात एक ओळ बदलून जनरेटर पुन्हा चालवला की तो साचा वापरणारी सगळी पाने बदलतात. हे कामही स्वयंचलित करता येते. मूळ फोल्डर गिट या फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवला, तर बदल चढवताच गिटहब अॅक्शन्ससारखी सेवा पाने नव्याने बनवून प्रसिद्ध करते.

गैरसमज: अशा संकेतस्थळावर शोध किंवा अर्ज असू शकत नाही.
वस्तुस्थिती: पेजफाइंडसारखे साधन तयार पानांची शब्दसूची आधीच बनवून ठेवते आणि वाचकाचा ब्राउझर तिच्यातला लागेल तेवढाच भाग मागवतो. मराठीत शब्दाला प्रत्यय जोडले जातात, त्यामुळे ‘किल्ला’ शोधल्यावर ‘किल्ल्यावर’ सापडेलच असे नाही. प्रसिद्धीपूर्वी याची चाचणी घ्यावी. अर्ज स्वीकारण्यासाठी वेगळी सेवा जोडावी लागते.

गैरसमज: हे तंत्र चार-दोन पानांपुरतेच आहे.
वस्तुस्थिती: कुबरनेटिस या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचे विस्तृत दस्तऐवज ह्युगोने तयार होतात. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविमा संकेतस्थळावरची माहितीची पाने २०१३ मध्ये जेकिलने बनवली होती. त्या वर्षी या संकेतस्थळाचा बिघाड गाजला, पण तो नोंदणी आणि अर्जाच्या यंत्रणेत होता. ती यंत्रणा वेगळी होती.

गैरसमज: स्टॅटिक संकेतस्थळाला कसलाच धोका नसतो.
वस्तुस्थिती: पान देताना डेटाबेस किंवा पीएचपी चालत नसल्याने हल्ल्याच्या अनेक वाटा बंद होतात, पण सगळ्या नाही. सर्व्हरच्या खात्याचा पासवर्ड, बाहेरून जोडलेली जावास्क्रिप्ट आणि जनरेटरची पूरक पॅकेजे यांतून धोका उरतो. चुकून सार्वजनिक गिटमध्ये गेलेला पासवर्ड नंतर पुसला तरी जुन्या नोंदींत राहतो. तो ताबडतोब बदलणे हाच उपाय आहे.

गैरसमज: तयार पानांचा फोल्डर जपला की पुरे.
वस्तुस्थिती: तो फोल्डर केव्हाही पुन्हा बनवता येतो. त्यात हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाण्याची शक्यता असते. जपायचे ते मूळ मजकूर, चित्रे, साचे आणि सेटिंगच्या फाइली. जनरेटर बदलला तर साचे नव्याने लिहावे लागतात, मजकूर मात्र बहुतांशी तसाच वापरता येतो.

प्रत्येक वाचकाला त्याच्या खात्यानुसार वेगळे पान दाखवायचे असेल किंवा क्षणोक्षणी बदलणारी आकडेवारी द्यायची असेल, तर नुसते स्टॅटिक संकेतस्थळ अपुरे पडते. ग्रंथालयाची सूची, संस्थेची माहिती, पाठ्यसामग्री, नियतकालिकाचे जुने अंक अशा सर्वांना सारख्याच दिसणाऱ्या मजकुरासाठी हा मार्ग स्वस्त, वेगवान आणि टिकाऊ आहे.