नाव कोठे तोडायचे?

फळ्यावर पुढील मजकूर लिहा : 'ग. दि. माडगूळकर यांनी गीते लिहिली. सुधीर फडके यांनी त्यांना चाली दिल्या.' यात वाक्ये किती, असे विचारल्यास विद्यार्थी 'दोन' असे उत्तर देतील. पण टिंबे मोजली तर ती चार भरतात. पहिली दोन टिंबे आद्याक्षरांची आहेत, हे आपल्याला अर्थावरून कळते. ज्याला अर्थ कळत नाही, केवळ चिन्ह दिसते, तो मात्र येथे चार वाक्ये मोजील. संगणक हा असाच वाचक आहे. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामपुढे ही अडचण नेहमीच येते.

एमपी-थ्री फाइलमध्ये ध्वनीबरोबर एक छोटी चिठ्ठीही असू शकते. तिला 'टॅग' म्हणतात. गाण्याचे नाव, गायक, संग्रह, वर्ष अशी माहिती तिच्यात असते. तिच्यावरून प्रोग्राम गायकवार यादी तयार करतो. चिठ्ठी चुकीची वाचली गेली तरी गाणे वाजते. पण ज्याने ते गायले त्याच्या नावाखाली ते सापडत नाही.

१९९६ साली आलेल्या 'आयडी-थ्री' टॅगची रचना अगदी सोपी होती. फाइलच्या शेवटचे १२८ बाइट टॅगसाठी राखलेले असत. ३ बाइट ओळखखुणेचे, गाण्याचे नाव, कलाकार आणि संग्रह यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १. बेरीज करून पाहा, बरोबर १२८ होते. येथे तोडण्याचा प्रश्नच नाही. कप्पे ठरलेले आहेत. पण कप्पा लहान पडतो. लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी ही नावे रोमन लिपीत, मध्ये स्वल्पविराम व एक मोकळी जागा सोडून लिहिली, की ३० जागा नेमक्या भरतात. तिसऱ्या गायकाला जागाच उरत नाही. देवनागरी अक्षरांची तर या रचनेत सोयच नव्हती.

पुढे १९९९ साली आलेल्या २.३ या आवृत्तीत कप्पे लवचीक झाले. प्रत्येक कप्प्याच्या सुरुवातीला 'पुढे इतके बाइट आहेत' असा आकडा असतो. त्यामुळे एक कप्पा कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, यात शंका राहत नाही. पण कलाकारांचा कप्पा एकच. तेव्हा अनेक कलाकार असल्यास त्यांच्यामध्ये तिरकी रेघ द्यावी, असा नियम झाला. अशा चिन्हाला आपण 'विभाजक' म्हणू.

विभाजक पाहून नावे वेगळी करण्याची रीत सोपी आहे. एक रिकामी पिशवी घ्या. डावीकडून एकेक अक्षर वाचून पिशवीत टाका. विभाजक भेटला की पिशवीतील नाव यादीत लिहा आणि पिशवी रिकामी करा. मजकूर संपल्यावर पिशवी पुन्हा एकदा रिकामी करायची असते, कारण शेवटच्या नावानंतर विभाजक नसतो. नावाच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागाही काढून टाकाव्या लागतात. नाहीतर 'आशा भोसले' आणि आधी मोकळी जागा असलेले तेच नाव, अशा दोन गायिका यादीत दिसतात.

आता ऑस्ट्रेलियात १९७३ साली स्थापन झालेल्या 'एसी/डीसी' या रॉक वाद्यवृंदाचे नाव या रीतीने वाचा. प्रत्यावर्ती व दिष्ट विद्युतप्रवाहांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलेल्या या नावातच तिरकी रेघ आहे. प्रोग्राम प्रामाणिकपणे 'एसी' आणि 'डीसी' असे दोन कलाकार तयार करतो! विभाजक बदलून स्वल्पविराम घेतला, तर 'अर्थ, विंड अँड फायर' या वाद्यवृंदाचे तुकडे होतात. संयोगचिन्ह घेतले, तर 'शंकर-जयकिशन' ही जोडी फुटते.

येथे दोष रीतीचा नाही. दोन नावे जोडताना मधली रेघ विभाजकाची आहे की नावातलीच, ही माहिती लिहितानाच गमावली गेली. लिहिताना गमावलेली माहिती वाचताना कितीही हुशारीने परत मिळत नाही. अपवादांची यादी जवळ ठेवणे, हा एक उपाय आहे. पण ते ज्ञान बाहेरून आणावे लागते, आणि यादीत नसलेला अपवाद केव्हाही भेटू शकतो.

खरा उपाय लिहितानाच करायचा असतो. २००० सालच्या २.४ या आवृत्तीत विभाजक म्हणून तिरक्या रेघेऐवजी शून्य किमतीचे चिन्ह ठरवले गेले. ते कोणाच्याही नावात येत नाही. 'व्हॉर्बिस' या ध्वनिप्रकाराच्या टॅगमध्ये आणखी वेगळा मार्ग आहे. प्रत्येक कलाकाराची स्वतंत्र नोंद, आणि तिच्या आधी तिची लांबी. नोंदीत 'कलाकार=नाव' अशी मांडणी असते. शीर्षकात बरोबरचे चिन्ह वापरता येत नाही, म्हणून फक्त पहिल्या चिन्हाशी तोडायचे. नावात पुढे तेच चिन्ह आले तरी बिघडत नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. विद्यार्थ्यांच्या दोन गटांना प्रत्येकी पाच पत्ते एकाच ओळीत लिहायला सांगा. पहिल्या गटाने पत्त्यांमध्ये फक्त स्वल्पविराम द्यावा. दुसऱ्याने प्रत्येक पत्त्याआधी त्यातील शब्दांची संख्या लिहावी. मग ओळींची अदलाबदल करून, अर्थाकडे न पाहता, पत्ते वेगळे करायला सांगा. घर क्रमांक, गल्ली, गाव यांच्यामधले स्वल्पविराम पहिल्या ओळीत पत्त्यांचे किती तुकडे करतात, ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्या.