स्वादुपिंडाचा दाह आणि रक्तद्रव-बदल

पोटात कळ उठली की ती पित्ताची समजून घरगुती उपाय करण्याची रीत सर्वत्र आढळते. परंतु पोटाच्या वरच्या भागात उठून पाठीपर्यंत जाणारी, उलट्यांसह तासन्‌तास न थांबणारी कळ स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाची असू शकते. महाडपासून सुमारे ३० किलोमीटरवरील शिवथरसारख्या डोंगराळ भागात हा फरक वेळीच ओळखणे विशेष महत्त्वाचे ठरते.

दुधाळ रक्त

पित्ताशयातील खडे आणि मद्यपान ही या विकाराची प्रमुख कारणे होत. यांखेरीज, रक्तात ट्रायग्लिसराइड या चरबीचे प्रमाण अतोनात वाढल्यानेही तो उद्भवतो. उपाशीपोटी हे प्रमाण दर १०० मिलिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅमच्या आत असावे. ते १,००० च्या वर गेल्यास धोका संभवतो. स्वादुपिंडातील पाचक रस ही चरबी फोडतात आणि त्यातून सुटणारी मेदाम्ले त्या ग्रंथीलाच इजा करतात. अनियंत्रित मधुमेह, मद्यपान, आनुवंशिक दोष आणि काही औषधे यांमुळे ही वाढ होते. अशा रुग्णाचे रक्त नळीत स्थिर ठेवले असता त्यावरील द्रव दुधाळ दिसतो.

उपचाराची पद्धती

रक्तद्रव-बदल म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंज. मोठ्या शिरेतून काढलेले रक्त यंत्रात नेऊन त्यातील चरबीयुक्त द्रव वेगळा केला जातो आणि रक्तपेशी, सामान्यतः अल्ब्युमिनच्या द्रावणासह, शरीरात परत सोडल्या जातात. काही तासांच्या एका फेरीतच चरबी निम्म्याहून अधिक उतरू शकते. मधुमेही रुग्णाची वाढलेली चरबी या मार्गाने उतरविल्याचा वृत्तांत ब्रिटनमधील ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

तथापि चरबी झपाट्याने उतरली म्हणजे रुग्णाचा जीव वाचण्याची शक्यता वाढतेच, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. शिवाय जंतुसंसर्ग, रक्तस्राव, रक्तातील कॅल्शियम घटणे हे धोके असतात. म्हणून हा उपचार निवडक गंभीर रुग्णांसाठीच योजला जातो. पुष्कळ रुग्णांत शिरेतून द्रव, वेदनाशामके आणि आवश्यक तेथे इन्शुलिन यांनी काम भागते. इन्शुलिन देताना रक्तातील साखर व पोटॅशियम यांवर सतत लक्ष ठेवावे लागते.

जवळच्या रुग्णालयाचे महत्त्व

रक्तद्रव-बदलाची सोय मोठ्या शहरांतील रुग्णालयांत असते. पण तेथे पोहोचेपर्यंत शिरेतून द्रव देण्याचे काम थांबता कामा नये. ग्रामीण भागातील वेळेवरच्या उपचाराचे मोल महाड परिसराला नवे नाही. येथेच डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि १९८६ मध्ये त्याविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले.

पंचायत सदस्य व शिक्षक यांनी तीन गोष्टी घरोघर पोहोचवाव्यात. अशी कळ उठल्यास रुग्णाला खाऊपिऊ न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेहींनी साखरेबरोबर रक्तातील चरबीही तपासून घ्यावी. एकदा हा आजार झालेल्याने मद्य कायमचे वर्ज्य करावे, आहारातील तेलतूप व गोड कमी करावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध बंद करू नये. कारण चरबी पुन्हा वाढली तर आजारही परततो. शहरातील यंत्र सर्वांच्या दाराशी येणे शक्य नाही. ही काळजी मात्र प्रत्येक गावाला घेता येईल.