पाणी उतरतं तेव्हा

ऑक्टोबर सरत आला की भिऱ्याच्या वरच्या अंगाला, कुंडलिकेच्या घळीत, पाणी उतरू लागतं. पावसाळाभर पाण्याखाली राहिलेले कातळ बोट-बोट उघडे पडतात. आमची मोजणी तेव्हाच सुरू होते आणि दोन-तीन आठवड्यांत आटोपावी लागते. सामान थोडंच असतं: तारेची 20 सेंटिमीटरची चौकट, तिच्यात दोऱ्याने पाडलेली 25 घरं, दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही आणि पेन्सिल. पाय घसरू नये म्हणून बुटांवरून जुने सुती मोजे चढवायचे.

वाट दाखवायला आलेल्या वाडीतल्या मामांनी पहिल्या दिवशी विचारलं, "ताई, शेवाळ मोजायला आलात का?"

दिसायला शेवाळच. कातळावर कुणी हिरवट-तांबूस रंग सांडावा तशी ती पसरलेली असते. पण मी मामांच्या हाती भिंग दिलं आणि ते कातळावर ओणवे झाले. बराच वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, "फूल हाय की हो हिला!"

पोडोस्टेमेसी कुळातल्या या सपुष्प वनस्पती. मातीत रुजणं यांना ठाऊकच नाही. मूळ चपटं होऊन कातळाला चिकटतं, स्वतः हिरवं होतं आणि पानाचंही काम करतं. पावसाळाभर त्या धारेत वाढतात. पाणी उतरलं, कळी हवेत आली, की फुलतात. फुलाला पाकळ्या नाहीत. फाटा फुटलेल्या एका दांड्यावर दोन पुंकेसर आणि त्यांच्याशेजारी इवलासा बीजकोश, बस्स. उन्हाने झाड करपून जातं, बोंडं तेवढी कातळावर उभी राहतात. त्यातलं बी भिजलं की बुळबुळीत होतं आणि पुढच्या पावसात खडकाला चिकटून बसतं. नाही चिकटलं तर गेलं वाहून.

म्हणून एकाच कातळावर या वेळी तीन पट्टे दिसतात. वर तपकिरी, करपलेला. मधे जेमतेम चार बोटांचा, फुललेला. खाली पाण्यात अजून हिरवा. चौकट वरून खाली सरकवत न्यायची, कुठल्या घरात काय आहे ते वहीत मांडायचं. मधल्या पट्ट्यावर मी नेहमीच जास्त रेंगाळते. उद्या तो तिथे नसणार. पाण्याबरोबर तोही खाली सरकलेला असेल.

कातळाच्या भेगांत शेरणीची झुडपं असतात, सगळी प्रवाहाच्या दिशेने वाकलेली, फांद्यांत पुराचा पाला अडकलेला. त्याहून वर उंबर, करंज, जांभूळ. पूर कुठवर चढतो हे झाडं बघूनच सांगता येतं. मामा तर उंबराच्या बुंध्यावर हात ठेवून सांगतात.

दुर्मिळ म्हटलं की संख्या कमी, असं आपण धरून चालतो. इथे एका चौकटीत शेकडो फुलं असतात. दुर्मिळ आहे ती जागा: वाहतं, स्वच्छ पाणी, उघडा कातळ आणि ठरल्या वेळी ओसरणारी नदी. या कुळातल्या कित्येक जाती जगात एकाच नदीवर, काही तर एकाच धबधब्यावर सापडल्या आहेत. तिथे बांध पडला तर ती जात दुसरीकडे कुठे शोधणार?

खाली भिऱ्याला 1927 पासून वीजघर आहे. घाटावर मुळशीला अडवलेलं मुळेचं पाणी तिथे उतरतं आणि कुंडलिकेला मिळतं. पूर्वेच्या समुद्राला जायचं पाणी असं कोकणात येतं. त्या पाण्यावर कोलाडला लोक भर उन्हाळ्यात राफ्टिंग करतात. तिथून खाली नदीची चढ-उतार ऋतूच्या हातात उरलेली नाही, विजेच्या मागणीच्या हातात आहे. आणि कळीला तर कोरडं व्हायला ठरलेले दिवस लागतात. घळीतली ही मोजणी मला निकडीची वाटते ती यामुळेच. इथली नदी अजून स्वतःच्या वेळेने ओसरते. वर घाटात रस्त्यासाठी माती निघाली की मात्र गाळ इथवर येतो, आणि गाळ बसलेल्या कातळाला बी धरत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मामा माझ्याआधीच कातळावर पोचले होते. काल संध्याकाळी त्यांनी पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण केली होती. पाणी खुणेखाली दोन बोटं गेलं होतं, आणि मधल्या ओल्या पट्टीत काल मिटलेल्या कळ्या उघडल्या होत्या. त्यांनी चौकट मागितली आणि स्वतःच खाली सरकवली.