गाय गाभण राहील का? उत्तर केवळ पाऱ्यात नाही

जयपूर : पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या की पारा उतरतो आणि गोठ्यातील जनावरांवरचा ताणही सरला, असे सर्रास मानले जाते. दुभत्या गायींच्या प्रजननाच्या बाबतीत मात्र हा समज महागात पडू शकतो. उष्ण प्रदेशात गाय गाभण राहण्याची शक्यता वर्तवताना तापमानाबरोबरच हवेतील आर्द्रता आणि सरलेल्या काही आठवड्यांचे हवामानही विचारात घ्यावे लागते.

त्यासाठी पशुवैज्ञानिक ‘तापमान-आर्द्रता निर्देशांक’ वापरतात. त्याचे एक प्रचलित सूत्र सोपे आहे. कोरड्या आणि ओल्या फुग्याच्या तापमापकांवरील अंशांची बेरीज करून तिला ०.७२ ने गुणायचे आणि त्यात ४०.६ मिळवायचे. विदेशी व संकरित गायींमध्ये हा आकडा साधारणतः ७२ च्या पुढे गेला की उष्णतेचा ताण सुरू होतो, असे मानले जाते.

जयपूरसारख्या शहरात मे महिन्यातील एखाद्या कोरड्या दुपारी तापमान ४० आणि ओल्या फुग्यावर २२ अंश असेल, तर निर्देशांक ८५.२ येतो. पावसाळ्यात तापमान ३३ अंशांवर उतरले, पण ओल्या फुग्यावर २८ अंश असतील, तर तो ८४.५ भरतो. पारा सात अंशांनी उतरला तरी ताण जवळपास तेवढाच राहतो. गाय घाम आणि श्वासावाटे उष्णता बाहेर टाकते. दमट हवेत बाष्पीभवन मंदावल्याने ही वाट अरुंद होते.

त्याचा पहिला परिणाम माजावर दिसतो. सुमारे २१ दिवसांनी येणारा आणि एरवी १२ ते १८ तास टिकणारा माज उन्हाळ्यात अल्पकाळ टिकतो. त्याची लक्षणेही क्षीण असतात. अशा ‘मुक्या माजा’त रेतनाची वेळ हुकते. रेतन साधले तरी पहिल्या दोन-तीन दिवसांतील भ्रूण उष्णतेला अत्यंत संवेदनशील असतो. शिवाय बीजांड अनेक आठवडे आधीपासून वाढत असल्याने कडक उन्हाळ्याची झळ हवा निवळल्यानंतरही गर्भधारणेत जाणवते.

म्हणूनच विश्वासार्ह अंदाजासाठी रेतनाच्या दिवसाचे हवामान पुरेसे नसते. आधीच्या आठवड्यांतील निर्देशांक, विण्यानंतर उलटलेले दिवस, कितवे वेत, दूध किती, शरीराची स्थिती, जात आणि यापूर्वी फसलेली रेतने अशा नोंदी एकत्र मांडाव्या लागतात. सांख्यिकी आणि संगणकीय पद्धती त्यावरून गर्भधारणेची संभाव्यता काढतात. एखाद्या गायीबाबत तो अंतिम निवाडा नसतो. कोणत्या गायीकडे आधी लक्ष द्यावे, हे त्यातून कळते. जनावरांच्या कानातील १२ अंकी बिल्ला आणि ‘भारत पशुधन’ या राष्ट्रीय नोंदप्रणालीमुळे अशी माहिती साठवण्याची सोय झाली आहे. तथापि, अंदाजाची गुणवत्ता गोठ्यातील नोंदीच्या सचोटीवरच अवलंबून राहते. हवामान केंद्रावरील आकडा आणि पत्र्याच्या छपराखालील प्रत्यक्ष स्थिती यांत मोठी तफावत असू शकते.

दोन-चार गायींवर घर चालवणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न थेट मिळकतीचा आहे. एक माज हुकला की तीन आठवडे वाया जातात. असे वारंवार घडले की भाकड काळ लांबतो. चारा-पेंडीचा खर्च सुरू राहतो आणि दूध मात्र थांबलेले असते.

अंदाज हाती असेल तर उपायांची वेळ साधता येते. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचे फवारे उपयोगी पडतात. दमट दिवसांत पंख्याच्या वाऱ्याशिवाय त्यांचा फारसा लाभ होत नाही. माजाची पाहणी पहाटे आणि रात्री केल्यास मुका माज हेरणे सोपे जाते. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा रूढ नियम येथेही लागू पडतो.

जातीची निवडही तितकीच महत्त्वाची ठरते. राजस्थानातील थारपारकर आणि राठी या देशी गायी विदेशी जातींपेक्षा उष्णता अधिक सहजपणे सोसतात. मात्र संकरित गायी त्यांच्याहून अधिक दूध देतात आणि या अधिक दुधासोबत शरीरात अधिक उष्णताही निर्माण होते. महाराष्ट्रातील संकरित गायींच्या गोठ्यांनाही हाच हिशेब लागू होतो. तेथेही मे महिन्याइतकीच दक्षता पावसाळ्यातील उकाड्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत घ्यावी लागते.