चिपाडाचा हिशेब

साखर कारखान्यात पाहुण्याला आधी साखर दाखवतात. संपादकांनी मला चिपाड बघायला पाठवलं होतं. कारखान्यातली माणसं त्याला बगॅस म्हणतात. एक टन उसातून साधारण १००-११० किलो साखर निघते आणि बगॅस २८०-३०० किलो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभारला, त्या काळी बगॅस कारखान्यापुरती वाफ करायला जाळायचा, एवढंच त्याचं मोल होतं.

मी रेंगाळलो तो शेवटच्या मिलपाशी. रस पुरता निघावा म्हणून तिच्या तोंडाशी चोथ्यावर गरम पाणी मारतात. पाणी वाढवलं की साखर जास्त हाती येते, पण बगॅस ओला होतो आणि बॉयलरला वाफ कमी पडते. मिलवाल्यांना पाणी हवं, बॉयलरवाल्यांना कोरडा बगॅस. रोलरांनी कितीही दाबलं तरी निम्मं वजन पाण्याचंच उरतं. बॉयलरवरच्या अटेंडंटने पट्ट्यावरून मूठभर बगॅस उचलला, आवळला, मूठ उघडली. ओलाव्याचा प्रयोगशाळेतला आकडा नंतर येतो, हवेचा झोत तोवर त्याला सावरावा लागतो. ओला माल जाळीवर ढीग होऊन बसतो आणि प्रेशर खाली येतं. काट्यावरची त्याची नजर बोलतानाही हलली नाही. मला त्या नजरेचं फार कौतुक वाटलं.

ती वाफ टर्बाइन फिरवून वीज देते, आणि दाब उतरल्यावर तीच रस आटवते. उरलेली वीज ग्रिडला विकली जाते.

साखर काढल्यावर उरलेल्या मळीपासून अल्कोहोल होतं, तिथे गोष्ट अवघड होते. एका लिटरमागे ८ ते १५ लिटर काळपट स्पेंटवॉश उरतो. तो ओढ्यात गेला तर पाण्यातला प्राणवायूच संपवतो. आता तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात, राखेतल्या पालाशचं खत होतं. पण ही यंत्रणा महागडी, आणि गाळप जेमतेम चार-पाच महिने. त्यात धोरण फिरतं: डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने अचानक बंधन आणलं.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायची किमान किंमत, आजही साखरेच्या उताऱ्यावर ठरते. साखर उद्योगावरच्या रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले ७० टक्के ऊस उत्पादकाला द्यावेत असं सुचवलं होतं. कारखान्याने विकलेल्या विजेचा, अल्कोहोलचा आणि खताचा हिशेब दर हंगामाला सभासदांपुढे मांडला गेला पाहिजे. चिपाडही त्यांच्याच उसाचं आहे.