अंतर अभिचालित्र

अंतर अभिचालित्र : विद्युत् प्रेषण मार्गाच्या टोकाशी असलेला विद्युत् दाब व मार्गातून वाहणारा प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून दोष किती अंतरावर आहे हे ठरविणारे आणि तो नेमून दिलेल्या टप्प्यात असल्यास मंडल खंडकास मार्ग तोडण्याचा संकेत देणारे संरक्षक साधन. अभिचालित्रास व्यवहारात रिले व मंडल खंडकास सर्किट ब्रेकर म्हणतात. उच्च दाबाच्या प्रेषण मार्गांच्या संरक्षणासाठी ही अभिचालित्रे जगभर वापरली जातात.

आवश्यकता : उघड्यावरून दूरवर जाणाऱ्या मार्गावर वीज कोसळणे, झाडाची फांदी टेकणे, निरोधकावर धूळ व दव साचणे, तार तुटणे इ. कारणांनी दोष उद्‌भवतात. अशा वेळी नेहमीच्या अनेक पट प्रवाह दोषस्थानाकडे वाहू लागतो. सदोष मार्ग तत्काळ अलग केला नाही, तर सामग्रीची हानी होते आणि दूरची जनित्रेही परस्परांशी असलेली समगती गमावून बंद पडू शकतात. त्यामुळे भारतात ४०० किव्हो. मार्गावरील दोष ०.१ सेकंदाच्या आत दूर होणे अपेक्षित असते.

केवळ प्रवाहाच्या वाढीवर चालणारे अभिचालित्र येथे पुरेसे ठरत नाही. दोषप्रवाहाचे मान त्या वेळी किती जनित्रे चालू आहेत यावर अवलंबून असते. त्यामुळे थोडी जनित्रे चालू असताना जवळच्या दोषात येणारा प्रवाह, सर्व जनित्रे चालू असताना दूरच्या दोषात येणाऱ्या प्रवाहाइतकाच असू शकतो. तारेचा संरोध मात्र तिच्या लांबीच्या प्रमाणात असतो व जनित्रांच्या संख्येने बदलत नाही. अंतर अभिचालित्राचा पाया हाच आहे.

तत्त्व : दाबास प्रवाहाने भागले असता संरोध मिळतो. समजा, १०० किमी. लांबीच्या ४०० किव्हो. मार्गाचा संरोध दर किमी.ला ०.३३ ओहम, म्हणजे एकूण ३३ ओहम आहे. नेहमीच्या स्थितीत एका तारेचा भूमिसापेक्ष दाब सु. २३१ किव्हो. असतो. तीतून ६०० अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर अभिचालित्रास ३८५ ओहम संरोध दिसतो. तीनही तारा एकमेकींस जोडल्या जाऊन हा दाब ९९ किव्हो.पर्यंत उतरला व प्रवाह ६,००० अँपिअर झाला, तर गुणोत्तर १६.५ ओहम येते; म्हणजे दोष ५० किमी.वर आहे. एका तारेचा भूमीशी संपर्क झाल्यास भूमीतून परतणाऱ्या प्रवाहासाठी गणितात दुरुस्ती करावी लागते. मूळ दाब व प्रवाह फार मोठे असल्याने ते रोहित्रांच्या साहाय्याने लहान प्रमाणात उतरवून अभिचालित्रास पुरवितात [⟶ रोहित्र].

रचना व विकास : अशा अभिचालित्रांचा वापर १९२० नंतरच्या दशकात सुरू झाला. जुन्या प्रकारात तराजूसारखी एक दांडी असे. तिच्या एका टोकास प्रवाहाचे वेटोळे व दुसऱ्या टोकास दाबाचे वेटोळे खेचत असे. दोष जवळ असला म्हणजे प्रवाहाची ओढ वरचढ होऊन दांडी कले व स्पर्शक जुळत. मात्र दोष पुढे आहे की पाठीमागे हे तिला कळत नसे. दाब व प्रवाह यांतील कलांतरही विचारात घेणाऱ्या म्हो प्रकारात ही उणीव दूर झाली. (ओहम हा शब्द रोमन लिपीत उलटा लिहून म्हो हे नाव बनले आहे.) पुढे इलेक्ट्रॉनीय व १९८० नंतर सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारी अंकीय अभिचालित्रे आली. ही दोषाचे अंतरही नोंदवितात, त्यामुळे दुरुस्ती पथकास नेमक्या मनोऱ्यापर्यंत पोहोचणे सोपे जाते.

संरक्षणाचे टप्पे : मापनात थोडी चूक संभवत असल्याने मार्गाच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत तत्काळ कार्य करण्याची मुभा अभिचालित्रास देत नाहीत, अन्यथा पुढील मार्गावरील दोषासाठी निर्दोष मार्ग तुटेल. पहिला टप्पा सामान्यतः लांबीच्या ८०% पर्यंत असून त्यात विलंब नसतो. दुसरा टप्पा संपूर्ण मार्ग व पुढील मार्गाचा काही भाग व्यापतो आणि सु. ०.३ ते ०.५ सेकंद थांबतो. तिसरा टप्पा पुढील मार्गाच्याही पलीकडे पोहोचतो व सु. एक सेकंद थांबतो. पुढील उपकेंद्रातील साधन निकामी ठरल्यास मदतीला यावे, हा त्याचा हेतू असतो. दोन्ही टोकांमध्ये संदेशवहनाची सोय असल्यास उरलेल्या भागातील दोषही विनाविलंब दूर करता येतो.

मर्यादा : दोष व जड भार यांतील भेद अभिचालित्रास केवळ संरोधावरून करावा लागतो. शक्ती तेवढीच असताना दाब १०% उतरला, तर दिसणारा संरोध १९% कमी होतो. भार वाढून दाब बराच घसरला, तर कोठेही दोष नसताना भाराचा संरोध तिसऱ्या टप्प्यात शिरू शकतो. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे २:३३ वाजता मध्य प्रदेशातील बीना–ग्वाल्हेर ४०० किव्हो. मार्ग असाच तिसऱ्या टप्प्याच्या संकेताने तुटला. पश्चिम व उत्तर विभागांना जोडणारे इतर मार्ग आधीच दुबळे झालेले होते. उत्तरेचे जाळे कोसळून सु. ३६,००० मेवॉ. भार बंद पडला. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याच मार्गापासून आरंभ होऊन उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही जाळी कोसळली व सु. ४८,००० मेवॉ. भार खंडित झाला. महाराष्ट्राचा समावेश असलेले पश्चिमेचे जाळे अलग होऊन टिकले. अमेरिकेतील ओहायओ राज्यात १४ ऑगस्ट २००३ रोजी घडलेल्या मोठ्या खंडनातही एका ३४५ किव्हो. मार्गाच्या तिसऱ्या टप्प्याने असाच भार दोष मानला होता.

या घटनांत साधन बिघडलेले नव्हते. त्याने नेमून दिलेल्या मर्यादेप्रमाणेच कार्य केले. म्हणून आधुनिक अभिचालित्रांत भाराचे क्षेत्र टप्प्यातून वगळण्याची सोय करतात, जनित्रांच्या आंदोलनांच्या वेळी संकेत रोखून धरतात आणि जाळ्यात बदल झाला की टप्प्यांची फेरतपासणी करतात. दोषी मार्ग त्वरेने तोडणे व निर्दोष मार्ग जोडलेला राखणे या दोन्ही गोष्टींवर विद्युत् जाळ्याची सुरक्षितता सारखीच अवलंबून असते.