कावीळ उतरवू नका, सोनोग्राफी करा

दुबईतल्या मराठी घरात कुणाचे डोळे पिवळे झाले की पहिला फोन अजूनही गावाकडे जातो. कुणी माळ पाठवतं, कुणी झाडपाला. हेपॅटायटिस ‘ए’ किंवा ‘ई’ची कावीळ बहुधा आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळतं. अवरोधी कावीळ मात्र माळेला दाद देत नाही.

या काविळीत पित्त तयार होतं, पण आतड्यात उतरायची वाट अडलेली असते. लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते. आखातात खाज घामाच्या खात्यावर जाते आणि गडद लघवी कमी पाणी प्यायल्याच्या. पण पाणी कमी प्यायल्याने शौचाचा रंग उडत नाही. शौच पांढुरकं, मातकट होत असेल, तर वाट अडली आहे असं समजावं.

बहुतेकदा पित्ताशयातून घसरलेला खडा पित्तनलिकेत अडकलेला असतो. पोटात न दुखता कावीळ वाढत चालली, वजनही उतरलं, तर स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते. रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं दिसतं, सोनोग्राफीत नलिका फुगलेली. अडथळा नेमका कुठे, हे एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा सीटी स्कॅन दाखवतो.

खड्यासाठी आता सहसा पोट उघडावं लागत नाही. ‘ईआरसीपी’मध्ये तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात, नलिकेच्या तोंडाशी छोटा छेद देतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून काढतात. ही पद्धत 1974 पासूनची. मागाहून पित्ताशय लॅपरोस्कोपीने काढावं लागतं, नाहीतर नवा खडा त्याच वाटेने उतरतो. स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ काढण्यासारखी असेल तर व्हिपल शस्त्रक्रिया. ती मोठी आणि अवघड, जिथे ती नेहमी होते तिथेच करावी. त्याआधी रक्त गोठण्याची तपासणी हवीच, कारण पित्ताविना ‘के’ जीवनसत्त्व शोषलं जात नाही.

‘पुण्याला जाऊन ऑपरेशन करू’ हा बेत कधी शहाणपणाचा असतो, कधी जिवावर बेततो. दुबईत 2013 च्या कायद्याने आरोग्यविमा सक्तीचा झाला. 1 जानेवारी 2025 पासून शारजा, अजमानसह उत्तरेकडच्या अमिरातींत खासगी नोकरदारांनाही तो लागू आहे. कार्डावर काय मिळतं ते आधी विचारा. पण पिवळ्या डोळ्यांसोबत थंडी वाजून ताप आला, तर नलिकेत पू होत असू शकतो. मग विमानाचं तिकीट पाहू नका, 998 ला फोन लावा.